कुळागरातली लेगहॉर्न : निवड, उबवणूक आणि प्रदर्शन

पहिल्यांदा उबवणी यंत्र घरी आणलं तेव्हा आषाढ चालू होता. तीस अंडी ठेवली. यंत्रासोबतच्या पत्रकात लिहिलं होतं तसं खालच्या पन्हळीत रोज पाणी भरलं, एक दिवसही चुकले नाही. एकविसाव्या दिवशी सहा पिल्लं बाहेर आली. तेविसाव्या दिवशी उरलेली अंडी एकेक फोडून पाहिली. सात अंड्यांत काहीच धरलं नव्हतं. सतरा अंड्यांत मात्र पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं, पिवळी लव आलेली, चोच हवेच्या पोकळीला टेकलेली आणि सगळं अंग चिकट पाण्यात भिजलेलं. ती पिल्लं अंड्यातच बुडाली होती, आणि ते पाणी मीच घातलं होतं.

पत्रकात चूक नव्हती. ते कोरड्या मुलखासाठी लिहिलेलं होतं आणि मी गोव्यातल्या सावई-वेरेच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, बसले होते, जिथे पावसात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. तेव्हापासून मी पत्रकापेक्षा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर जास्त विसंबते. घरच्या घरी लेगहॉर्न जातीची कोंबडी पाळणं, उबवणं आणि चार लोकांसमोर नेऊन ठेवणं यातलं जे हाताखालून गेलं, ते इथे क्रमाने सांगते.

आधी पक्षी ओळखा

लेगहॉर्न मूळची इटलीची. टस्कनीतल्या लिव्होर्नो बंदराला इंग्रज लेगहॉर्न म्हणत, त्यावरून हे नाव. एकोणिसाव्या शतकात ती अमेरिकेत गेली आणि जातींची लक्षणं ठरवून देणाऱ्या तिथल्या १८७४ च्या पहिल्या प्रमाण-ग्रंथात तिची नोंद झाली. तपकिरी, काळ्या, बदामी अशा बऱ्याच रंगांत ती असते, पण आपल्याकडे लेगहॉर्न म्हटलं की पांढरीच.

खरी अडचण इथे आहे. बाजारात ‘लेगहॉर्न’ म्हणून मिळणारी पांढरी पिल्लं बहुतेक वेळा लेयर फार्मसाठी, म्हणजे फक्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या फार्मसाठी, तयार केलेली संकरित असतात. ती अंडी भरपूर देतात, पण त्यांची पुढची पिढी आईसारखी निघत नाही, दोन पिढ्यांत अंडी कमी होतात आणि रूपही विस्कटतं. दुकानातली पांढरी अंडी उबवायचा विचारही करू नका. त्या फार्मवर नर नसतोच, मग अंड्यात जीव येणार कुठून? शुद्ध वाण हवं तर सरकारी किंवा विद्यापीठाच्या प्रक्षेत्रांकडे चौकशी करा. केरळमध्ये मन्नुथीला, आधी कृषी विद्यापीठाने आणि पुढे पशुवैद्यकीय विद्यापीठाने, पांढऱ्या लेगहॉर्नच्या वंशरेषा वर्षानुवर्षं राखल्या आहेत. आपल्याकडे जुने गोवे इथे, एला गावात, केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि कृषी विज्ञान केंद्र आहे. पिल्लं कुठून आणावीत हे आधी तिथे विचारा, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही.

पक्षी हातात आला की तीन गोष्टी पाहायच्या. कानाची पाळी पांढरी, पाय पिवळे, पिसं पांढरी. पिसांत एखादा काळा ठिपका दिसला तर मागच्या पिढीत कुणीतरी रंगीत घुसलेला आहे. लेगहॉर्नचा पांढरा रंग जबर असतो. गावठी कोंबड्याशी संकर झाला तरी पिल्लं बहुतेक पांढरीच निघतात, फक्त काळे शिंतोडे राहतात. पायांचा पिवळेपणा मात्र आई-बाप दोघांकडून यावा लागतो, म्हणून पाय पांढुरके निघाले तरी शंका घ्यावी. नराचा तुरा ताठ उभा, पाच ठळक दातांचा. मादीचा तुरा मोठा, पुढचा दात उभा आणि बाकीचा एका बाजूला कलंडलेला. तो कलंडलेला तुरा पाहून ‘कोंबडी आजारी आहे का?’ असं पाहुणे विचारतात. आजारी नसते, तिची ठेवणच तशी.

वजनाला ही हलकी, मादी दोन किलोच्या आसपास, नर पावणेतीनपर्यंत. म्हणून ती उडते, आणि चांगली उडते. सहा फुटांचं कुंपण आणि वर जाळी नसेल तर संध्याकाळी पोफळीवरून उतरवायची तयारी ठेवा. एका बाजूच्या पंखाची लांब पिसं कापली की तोल जातो आणि उडणं थांबतं, पण प्रदर्शनाला न्यायच्या पक्ष्याचे पंख कापू नका.

खुराड्याबद्दल थोडक्यात. चिऱ्याच्या दीड-दोन फूट जोत्यावर बांधा, लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, छपराची पडवी तीन-चार फूट बाहेर काढा, नाहीतर नैऋत्येचा पाऊस आडवा आत येतो. प्रत्येक पक्ष्याला किमान दोन चौरस फूट जागा, खाली भाताच्या तुसाची गादी, जाळी अर्ध्या इंचाची. मुंगूस आणि उदमांजर दोघांनाही मोठ्या भोकाची जाळी म्हणजे उघडं दार.

जोडी लावताना

हलक्या जातीचा एक नर दहा माद्यांना पुरतो. घरी मी सात-आठच ठेवते. नर किमान सात महिन्यांचा असावा. तलंगांची, म्हणजे नुकत्या वयात आलेल्या कोंबड्यांची, पहिली अंडी लहान असतात, ती उबवू नका. मादी सात महिन्यांची होऊन अंडं पन्नास ग्रॅमच्या वर स्थिरावलं की मग घ्या.

एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. नर काढून टाकला तरी मादीच्या पोटात त्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. म्हणून नर बदलल्यावर लगेच अंडी जमवली तर पिल्लं कुणाची हे सांगता येत नाही. मी दसऱ्याला नर बदलते आणि उबवायची अंडी दिवाळीपासून वेचते. मधले वीस दिवस त्यासाठी बरोबर पुरतात. आणखी एक फायदा म्हणजे ही पिल्लं कोरड्या दिवसांत वाढतात आणि मृग लागेपर्यंत त्यांच्या अंगात ताकद आलेली असते. आषाढ-श्रावणात उबवायला मी आता कुणालाच सांगत नाही.

मादी कोणती निवडायची? वही ठेवा, दुसरा उपाय नाही. पायात कोणतं कडं असलेली कोंबडी कधी अंडी घालू लागली, पिसं कधी झडली, मध्येच किती दिवस थांबली, हे लिहा. वही नसेल तर शरीर वाचा. अंड्यावर असलेल्या, म्हणजे अंडी घालत असलेल्या, कोंबडीच्या मागच्या दोन टोकदार हाडांत दोन-तीन बोटं सहज बसतात, थांबलेलीच्या हाडांत एक बोट कष्टाने जातं. अंगातला पिवळेपणा अंड्याच्या बलकात उतरत जातो. आधी गुदद्वार फिकं पडतं, मग डोळ्याभोवतीची कड, कानाची पाळी, चोच आणि शेवटी पाय. पाय पूर्ण फिके व्हायला चार-पाच महिने लागतात. म्हणजे बारा-चौदा महिन्यांच्या कोंबडीचे पाय हळदीसारखे पिवळेधमक असतील तर तिने पिंपभर दाणा खाऊन अंडी फारशी दिलेली नाहीत. पिसंही जी उशिरा झाडते ती चांगली घालणारी. भर पावसात विस्कटलेली, फिक्या पायांची, तरीही अंडं देणारी कोंबडी दिसायला दरिद्री वाटते. पुढची पिढी मी तिचीच काढते.

अंडी फळतात की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. न्याहारीला फोडलेल्या अंड्याचा बलक पाहा. वर पांढरा ठिपका असतोच. तो घट्ट, वेडावाकडा आणि बारीक असेल तर अंडं कोरं. भोवती गोल कडं असलेला, चारेक मिलिमीटरचा असेल तर फळलेलं. सलग पाच-सहा अंडी अशी पाहा आणि मगच उबवायची अंडी जमवा.

खाद्याचं एकच सांगते, कारण गोव्यात त्यानेच घात होतो. दमट हवेत मक्याला बुरशी धरते, आणि त्या बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही. महिन्याचं पोतं एकदम आणू नका, पंधरा दिवसांचंच आणा, फळीवर ठेवा, आणि कुबट वास आला तर कितीही महाग असलं तरी फेका. अंड्यावरच्या कोंबडीला रोज शंभर-एकशेदहा ग्रॅम लेयर खाद्य लागतं. कॅल्शियमसाठी तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, वाळवून, वरवंट्याने जाडसर फोडा आणि वेगळ्या करवंटीत ठेवा. जिला हव्या ती टिपते. आपल्याकडे दिवस फार तर तेरा तासांचा, थंडीत तर सव्वाअकराचा. पहाटे दिवा लावून उजेड चौदा-पंधरा तासांवर नेला की हिवाळ्यातही अंडी टिकतात.

अंडी वेचण्यापासून यंत्रापर्यंत

दिवसातून तीनदा अंडी वेचा. घाणेरडं अंडं धुऊ नका, धुतलं की कवचावरचा नैसर्गिक लेप जातो. ते सरळ तव्यावर जाऊ द्या. वेड्यावाकड्या आकाराची, पातळ कवचाची आणि दुहेरी बलकाची अंडीही बाजूला काढा. पेन्सिलने तारीख आणि कोंबडीचा नंबर घाला, निमुळतं टोक खाली ठेवून ट्रेमध्ये लावा आणि ट्रे रोज एकदा तिरपा करा.

साठवणीला तेरा ते अठरा अंश तापमान उत्तम. आपल्या स्वयंपाकघरात असतात तीस. वीस-बावीसच्या वर गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि कमजोर होतो. फ्रीज उलट फार थंड. माझा मार्ग असा : डिसेंबर-जानेवारीत मोठ्या कुंडीत ओली वाळू, तिच्यात मातीचा माठ, माठात अंडी, वर सुती फडकं. त्या दिवसांत हवा कोरडी असते म्हणून माठ गारवा देतो. इतर वेळी घरातली एसीची खोली. माठातली अंडी मी सात दिवसांपर्यंत घेते, खोलीतली चार दिवसांच्या आत.

लेगहॉर्न स्वतः खुडूक होत नाही, म्हणजे उबवायला बसत नाही; अंड्यांवर बसायची तिची सवय माणसाने निवडीतून काढून टाकली आहे. घरात गावठी खुडूक असेल तर तिच्याखाली आठ-दहा अंडी बिनधास्त रवणाला घाला, ओलाव्याचं गणित तीच सांभाळते. शेजारची काकी अंड्यांत लोखंडी खिळा ठेवते, गडगडाटाने अंडी खराब होऊ नयेत म्हणून. माझ्या मते गडगडाटाच्या दिवसांत अंडी खराब होतात ती ओलाव्याने आणि यंत्राची वीज गेल्याने.

एकवीस दिवस

यंत्र अंड्यांच्या आदल्या दिवशी चालू करा. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ ते ३७.८ अंश. बिनपंख्याच्या पेटीत अंड्याच्या वरच्या पातळीला ३९ अंशांच्या जवळपास, कारण तिथे ऊब थरांनी साठते. यंत्रावरच्या आकड्यावर विश्वास टाकण्याआधी ताप पाहायचा डिजिटल थर्मामीटर आत ठेवून ताडून घ्या. आर्द्रतामापकाचीही परीक्षा घ्या. झाकणाच्या बरणीत वाटीभर मीठ थेंबभर पाण्याने ओलसर करून ठेवा, त्यात मापक घालून बरणी आठ तास बंद करा. काटा ७५ दाखवायला हवा. माझा ८३ दाखवत होता.

आता पाण्याकडे येऊ. पहिले अठरा दिवस यंत्रात आर्द्रता पन्नास-पंचावन्नच्या आसपास हवी असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण हवा तापली की तिची आर्द्रता उतरते. जुलैत बाहेर सत्तावीस अंश आणि नव्वद टक्के असेल, तर तीच हवा यंत्रात साडेसदतीस अंशांवर गेल्यावर पाण्याचा थेंब न घालता पन्नास टक्क्यांवर येते. म्हणजे पत्रकाला हवं ते आभाळानेच दिलेलं असतं. वर आपण पाणी भरलं की सत्तर होतं आणि पिल्लू बुडतं. जानेवारीत बाहेर सव्वीस अंश आणि साठ-बासष्ट टक्के असेल तर आत जेमतेम तीस-बत्तीस राहतात. तेव्हा मात्र एक पन्हळ भरावीच लागते.

पण खरा निवाडा काटा करतो. कवचाच्या छिद्रांतून पाणी उडून अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं बारा-तेरा टक्के वजन घटायला हवं. त्या रिकाम्या जागेत हवेची पोकळी होते आणि पिल्लू पहिला श्वास तिथे घेतं. पाच अंड्यांवर खूण करा आणि ग्रॅमच्या काट्यावर ठेवायच्या दिवशी, सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी तोला. माझ्या वहीतलं ५८ ग्रॅमचं एक अंडं : सातव्या दिवशी ५५.५, चौदाव्याला ५३, अठराव्याला ५१. ते फुटलं. वजन कमी घटत असेल तर पाणी काढा, झरोके पूर्ण उघडा. जास्त घटत असेल तर पाणी वाढवा. पावसात झरोके उघडूनही घटत नसेल तर यंत्र एसीच्या खोलीत न्या, एसी हवेतलं पाणीच काढून घेतो. नुसती खोली तापवून ते जात नाही.

अंडी दिवसातून किमान तीनदा, शक्यतो पाचदा फिरवा. संख्या विषम ठेवली की रात्रीची लांब वेळ दर वेळी दुसऱ्या बाजूवर येते. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा, म्हणजे विसर पडत नाही.

सातव्या रात्री दिवे मालवून अंडं मोबाईलच्या बॅटरीवर धरा. पांढऱ्या कवचातून इतकं स्वच्छ दिसतं की गावठीच्या तपकिरी अंड्याची सवय असलेल्याला नवल वाटेल. मध्ये काळा ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या तांबड्या शिरा पसरलेल्या असतात. थोडा वेळ श्वास रोखून पाहिलं तर तो ठिपका हलतो. दर वेळी मी घरातल्या कुणालातरी हाक मारते. नुसतं लाल कडं दिसलं तर आतला जीव गेला. काहीच दिसलं नाही तर अंडं कोरं. दोन्ही काढून टाका, कुजलेलं अंडं फुटलं तर शेजारची सगळी खराब होतात.

वीज गेली तर घाबरून झाकण उघडू नका. वर जुनी रजई टाका, लांबेल असं वाटलं तर बाजूला गरम पाण्याच्या बाटल्या ठेवा. दोन-चार तासांच्या थंडीने अंडी सहसा मरत नाहीत. चाळीसच्या वर गेलेली तासाभराची उष्णता जास्त वाईट.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद. आता नियम उलटा : आर्द्रता पासष्ट-सत्तरवर न्या, सगळ्या पन्हळी भरा. खाली खरखरीत कापड किंवा रबरी जाळी घाला, गुळगुळीत तळावर पिल्लाचे पाय फाकतात. लेगहॉर्नचं पिल्लू बरेचदा विसाव्या दिवशीच आतून कवचाला टोचा मारतं. टोच्यापासून बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास जातात. त्या वेळात झाकण उघडलं तर आतलं पापुद्र्याचं कापड सुकून पिल्लाला आवळतं. हात आवरणं हे या एकवीस दिवसांतलं सगळ्यात अवघड काम आहे. लव सुकून फुलली की मगच पिल्लं हलवा. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज निघतात.

पिल्लं

पहिला आठवडा पिल्लाच्या पातळीला ३२ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. एलईडी दिव्याला ऊब नसते, जुना पिवळा बल्ब किंवा इन्फ्रारेड हवा. थर्मामीटरपेक्षा पिल्लं नीट सांगतात : दिव्याखाली ढीग झाला तर थंडी, कडेला पंख पसरून धापा टाकत असतील तर उकाडा, विखरून टिपत असतील तर ठीक. गोणपाट अंथरा, पहिल्या दिवशी कोमट पाण्यात थोडा गूळ, मग चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं पहिलं खाद्य. लेयर खाद्य पिल्लांना कधीच नको, त्यातल्या जास्तीच्या कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या नवजात पिल्लाला सोडत नाहीत.

लसींचं वेळापत्रक पशुवैद्यांकडून लिहून घ्या. साधारणपणे पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंबाने, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची, महिन्याच्या सुमाराला लासोटा पुन्हा, सहा-आठ आठवड्यांनी पंखात देवीची, आणि आठ-दहा आठवड्यांनी मानमोडीची आरटूबी. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते. आम्ही वाड्यावरची पाच घरं एकाच दिवशी लस देतो. तूस ओला राहिला तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्ती हगवण येते. गादी रोज उकरा, ओला भाग काढून टाका. विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी औषध आणा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात नरांचे तुरे लाल होऊ लागतात. अर्धी पिल्लं नर असणारच. बाराव्या आठवड्याला मी दहांतला एक ठेवते आणि बाकीचे शागोतीला जातात. मांस कमी असतं, पण कोवळं.

प्रदर्शनासाठी

आपल्याकडच्या कृषी मेळाव्यांत कोंबड्यांना जागा थोडी मिळते. पण प्रमाणाच्या फूटपट्टीवर आपला पक्षी ठेवून पाहिला की त्याचे दोष आपल्यालाच दिसू लागतात, आणि एवढ्यासाठीही जावं. नराचा तुरा वाकडा किंवा पिळलेला, तुऱ्याला बाजूने फुटलेला जादा कोंब, पाठीवर खारीसारखी पुढे झुकलेली शेपटी, कानाच्या पाळीवर लाल डाग : हे मोठे दोष. कोंब फुटलेला नर कितीही देखणा असला तरी त्याची पैदास करू नका.

तलंग न्यायची ती पहिलं अंडं घालण्याच्या जरा आधी, साडेचार-पाच महिन्यांची. तेव्हा पाय पिवळे असतात आणि पाळी दुधासारखी. निवड मात्र तिच्या फिक्या पायांच्या आईवरून झालेली असावी. दोन महिने आधी पक्षी सावलीत घ्या, उन्हाने पांढऱ्या पिसांवर पितळी झाक चढते आणि ती धुऊन जात नाही. पंधरा दिवस पिंजऱ्याची सवय लावा, रोज हातात घ्या, नाहीतर परीक्षकासमोर पक्षी फडफडून पिसं मोडून घेईल.

दोन दिवस आधी आंघोळ. तीन टब कोमट पाणी : पहिल्यात सौम्य शाम्पू, दुसऱ्यात नुसतं पाणी, तिसऱ्यात चमचाभर व्हिनेगर. पिसं वाढीच्या दिशेनेच चोळा, उलटी नको. डोकं पाण्याबाहेर ठेवा. टॉवेलने टिपून घ्या, मग पंख्यासमोर पूर्ण वाळेपर्यंत बसवा. पायांचे खवले जुन्या टूथब्रशने घासा. निघताना तुऱ्यावर आणि पायांवर व्हॅसलिनचं बोट फिरवा, इतकंच की चमकेल, धूळ चिकटणार नाही.

परत आणलेला पक्षी थेट कळपात सोडू नका. आमच्याकडे तो विहिरीपलीकडच्या पिंजऱ्यात तीन आठवडे राहतो. त्याला दाणा-पाणी सगळ्यांच्या शेवटी, चपला बदलून, आणि परत येताना हात साबणाने धुऊन.